माईकवर घेतलेलं नाव

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. या अंकाच्या संपादकांनी "तुमच्या धाडसी वाटचालीबद्दल लिहा" असं फोनवर सांगितलं, तेव्हा आमच्या घरात दोन माणसं हसली. त्यातली एक मी होते.

पुण्यातल्या एका महाविद्यालयात मी ईशज्ञान शिकवत होते. ईशज्ञान म्हणजे काय, असं एसटीत शेजारचा माणूस विचारतो तेव्हा मी सांगते, देवाबद्दल माणसांनी आजवर काय काय बोलून ठेवलंय त्याचा अभ्यास. तो मान हलवतो आणि खिडकीबाहेर बघू लागतो. आठवडाभर हे शिकवायचं, शनिवारी भोरची एसटी धरायची आणि रविवारी सकाळी भोरच्या लहानशा मंडळीची उपासना चालवायची, असा माझा क्रम होता. मंडळी म्हणजे आमच्या चर्चची माणसं. भोरला ती पन्नासेक भरतात, पाऊस असला की तीस. पाळक म्हणून दीक्षा मिळालेल्या बायका आमच्याकडे थोड्याच. पहिल्या रविवारी मी पाळकाचा झगा घालून दारात उभी होते, तरी येणारा प्रत्येक जण मला नमस्कार करून पाळकसाहेब कुठं आहेत असं विचारत होता.

तिसरं काम महाविद्यालयानं गळ्यात घातलं, ते विविधता कक्षाचं. नाव भारदस्त असलं तरी काम साधं होतं. वसतिगृहात ईशान्येकडच्या मुलींनी आंबवलेले मासे शिजवले की वासावरून भांडण होई, ते मिटवायचं. चाकाच्या खुर्चीवरचा विद्यार्थी प्रार्थनागृहात जाणार कसा, ते बघायचं. कोण कुणाशेजारी बसत नाही, हे नजरेत ठेवायचं आणि त्याबद्दल बोलायचं. बोलायची वाक्यं मी आधी कागदावर लिहून न्यायचे, पण भित्र्या माणसाला कुठं काय दुखतंय ते लवकर कळतं, म्हणून असेल, कक्ष बरा चालला.

भोरलाही ते काम माझ्या मागे मागे आलं. आमच्या प्रभुभोजनात, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाच्या विधीत, एकच प्याला ओळीनं सगळ्यांच्या ओठांना लागत फिरतो. दोन जुनी घरं पिढ्यान्‌पिढ्या पहिल्या बाकावर बसत आलेली. मला ती भक्ती वाटली. वर्षभरानं कुणीतरी सांगितलं की बाई, मागच्यांचे ओठ लागायच्या आत प्याला आपल्याकडे यावा म्हणून ते पुढं बसतात. धर्म बदलला तरी जात सामानात बांधून आलेली असते. मी पुढच्या वेळी प्याला दारापाशी नेला आणि शेवटच्या बाकापासून सुरुवात केली. दोन्ही घरं दोन महिने आली नाहीत. मग आली, आणि दारापाशी शेवटच्या बाकावर बसली. तेव्हापासून मी प्याला मधल्याच एखाद्या बाकापासून सुरू करते.

असे किस्से सांगितले की लोक हसतात. पण मला लिहायचंय ते एका बाईबद्दल, जिचं मी जवळजवळ वाटोळं केलं.

त्यासाठी आमची एक रीत समजून घ्यायला हवी. उपासनेत एक भाग मध्यस्थीच्या प्रार्थनेचा असतो. पाळक आजाऱ्यांची, अडचणीतल्यांची नावं मोठ्यानं वाचतो. नाव, गाव आणि दुखणं. देवाला पत्ता लागतो म्हणून नव्हे, मंडळीला लागतो म्हणून. उपासना सुटली की बायका आपसात ठरवतात, या घरी डबा कोण नेणार, त्या म्हाताऱ्याजवळ कोण बसणार. ही रीत चांगली आहे असं मी अजूनही म्हणते. शिवाय तिला माझ्या अध्यापनाचा पाठिंबा होता. शास्त्रातल्या बिननावाच्या बायकांवर माझा एक गाजलेला तास असे. कुणाची सासू, कुणाची दासी, कुणाची विधवा, अशा कितीतरी जणी, आणि लिहिणाऱ्यानं त्यांची नावं विचारली नाहीत. मी मुलांना सांगायचे, ज्याचं नाव तुम्ही घेत नाही तो तुमच्या लेखी नसतोच. मुलं लिहून घेत. परीक्षेत तसंच्या तसं उतरवत.

सविता आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, आली ती सावलीसाठी. भोरचा बाजार होता, ऊन कडक होतं आणि तिची एसटी सुटायला तास होता. दार उघडं दिसलं म्हणून ती शेवटच्या बाकाच्या कडेला बसली. मी आत खुर्च्या लावत होते. तिशी-पस्तिशीची बाई, पायांत रबरी चपला, आणि चेहरा इतका पांढरा की मी आधी पाणी आणलं आणि मग नाव-गाव विचारलं. हिर्डोशीच्या वर डोंगरात एक वाडी आहे, चार-पाच घरांची, गुरं-शेळ्या राखणाऱ्यांची. तिथली ती सून. माहेर पानशेतच्या पलीकडे. ती भोरला डॉक्टरला दाखवायला आली होती आणि घरी मात्र मिरच्या आणायला जाते असं सांगून निघाली होती.

तिच्या अंगावर जात होतं, रक्त थांबत नव्हतं, कित्येक महिने. डॉक्टरांनी पुण्याच्या मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी दिली होती, आतला तुकडा काढून तपासावा लागेल म्हणून. चिठ्ठीवर तारीख होती, तीन आठवड्यांनंतरची. तिनं ती चिठ्ठी मला वाचायला दिली, कारण डॉक्टर काय बोलले ते तिला भीतीनं ऐकूच आलं नव्हतं. मी घरी सांगा म्हटलं. तेव्हा ती म्हणाली, "थोरल्या जावंला आसंच झालं व्हतं. तिला माहेरी धाडली. ती परत आलीच न्हाई."

आली नाही म्हणजे काय, हे मला विचारावं लागलं नाही.

मी काय करू शकते, असं विचारल्यावर तिला काही सुचलं नाही. मलाही सुचलं नाही. अशा वेळी पाळक जे करतो ते मी केलं. तुमच्यासाठी प्रार्थना करते म्हटलं आणि वही काढली. ती व्हय म्हणाली. कुठं, कशी, किती जणांसमोर, हे तिनं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. आमच्या माणसांना ते ठाऊकच असतं. ती आमच्यातली नव्हती, हे त्या क्षणी माझ्या ध्यानातच आलं नाही. विविधता कक्षाची प्रमुख होते मी.

रविवारी मी यादी वाचली. पानशेतच्या एका खानावळीत राबणाऱ्या आमच्या बाई, गुडघ्यांसाठी. शिवऱ्याचं आमचं एक कुटुंब, हमरस्त्यावर टेम्पोनं धडक दिलेल्या मुलासाठी. हिर्डोशीकडच्या वाड्या, दरडींपासून रक्षणासाठी. आणि मग, हिर्डोशीच्या वरच्या वाडीच्या सविता, अंगावर जाण्याच्या आजारासाठी. चांगल्या खणखणीत आवाजात वाचली. मागच्या काही वर्षांपासून आमची उपासना मोबाईलवरून थेट दाखवली जायची, पुण्या-मुंबईला गेलेल्या मंडळींसाठी. मोबाईल माझ्यासमोर ट्रायपॉडवर उभा होता. मी त्याच्याकडे बघूनच वाचत होते.

मंगळवारी भास्कररावांचा फोन आला. भास्करराव आमच्या मंडळीतले वडील, म्हणजे पंच. आयुष्यभर भोर आगारात एसटी चालवलेली, वरंधा घाटाचा रस्ता त्यांना आपल्या अंगणासारखा माहीत. त्या रस्त्यावरच्या प्रत्येक थांब्यावर त्यांना हात करणारं माणूस आहे. ते फोनवर नेहमी आधी माझ्या तब्येतीची चौकशी करतात. त्या दिवशी केली नाही.

"बाई, आपलं रविवारचं लोकांच्या मोबाईलवर फिरतंया. तेवढाच तुकडा. सविताचा."

तुकड्याच्या वर कुणीतरी लिहिलं होतं, आपल्या वाडीची नावं चर्चमध्ये वाचली जातात, बघा आणि जागे व्हा. हिर्डोशीच्या आसपासच्या गावांत तो पोचला होता. त्या वाडीत सविता एकच होती.

पुढचे चार दिवस मी कसे काढले ते सांगणं अवघड आहे. जेवण जात नव्हतं. फोन वाजला की आधी नंबर बघायचे. अनोळखी नंबर बरेच आले. काही बोलायचे नाहीत, काही पाळकबाई तुम्हीच का असं विचारून ठेवून द्यायचे. माझ्या स्वतःच्या जिवाची भीती नव्हती असं म्हणणं खोटं होईल. भरपूर होती. आमच्या मंडळीतल्यांनी पुढचे दोन रविवार उपासना बंद ठेवू म्हटलं, आणि मला ते ऐकून बरं वाटलं, याची लाजही वाटली. अशा प्रसंगी काय करावं याची एक पुस्तिका मीच कक्षासाठी लिहिली होती. ती काढून वाचली. तिच्यात पहिलाच नियम होता की पीडित व्यक्तीशी तिला सुरक्षित वाटेल अशा मार्गानं संपर्क साधावा. सविताकडे मोबाईल नव्हता. घरात एक होता, तो थोरल्या दिराकडे. माझ्या पुस्तिकेत थोरल्या दिरासाठी काही नव्हतं.

पण खरी भीती दुसरीच होती. दुखणं आता सगळ्या खोऱ्याला कळलं होतं. जावेसारखं तिला माहेरी धाडलं तर पुण्याची तारीख चुकणार. चिठ्ठी तिच्या पोलक्यात असेल आणि ती पानशेतच्या पलीकडे कुठल्यातरी पडवीत पडलेली असेल. हे चित्र मला दिवसाढवळ्या, वर्गात फळ्यासमोर उभी असताना दिसायचं.

शनिवारी मी भास्कररावांना म्हटलं की मला वाडीवर जायचंय, चूक माझी आहे, ती मी जाऊन कबूल करते. त्यांनी आधी एसटीच्या वेळा सांगितल्या. मग म्हणाले, जाऊ, पण तिथं शास्त्र सांगू नका.

हिर्डोशीची एसटी आता दिवसातून मोजक्याच वेळा जाते. धरणाच्या पाण्याच्या कडेकडेनं रस्ता आहे, डाव्या हाताला भाताची खाचरं, वर धुकं. एरवी मी या रस्त्यानं मान वळवून वळवून बघत जाते. त्या दिवशी काय दिसलं ते आठवत नाही. पुढच्या बाकाची लोखंडी कांब मी घट्ट धरली होती एवढं आठवतं. हिर्डोशीला उतरून तासभर चढ. भास्कररावांना दम लागला तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं, पण तेवढाच उशीर होतोय म्हणून मी मनात खूश होते.

आम्ही येणार हे आमच्या आधी पोचलं होतं. अंगणात घोंगडं अंथरलं होतं आणि सहा-सात पुरुष बसले होते. मधे सविताचा थोरला दीर, टेम्पो चालवणारा, धिप्पाड. तिचा नवरा एका बाजूला खाली मान घालून काटकी मोडत होता. सासू जोत्यावर बसली होती, सत्तरीची, कृश, तिच्याकडे तर मी आधी नीट बघितलंही नाही. आम्हाला बसा म्हटलं, पाणी दिलं. पाणी दिलं म्हणून मला वाटलं आता काही होणार नाही. मग दीर बोलू लागला.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळू आवाजात बोलत होता. आमच्या घरातली बाई तुमच्या यादीत कशी, यादीत आणखी कुणाकुणाची नावं आहेत, तिला तुम्ही काय दिलंत, ती तुमच्यात आली आहे का. भास्करराव मधे पडू बघत होते, पण तो त्यांना म्हणाला, मामा, तुमी थांबा, ह्यांना बोलू द्या. मी तोंड उघडलं, तर आवाज फुटेना. तीस वर्षं ज्या गळ्यावर पोट भरलं तो गळा बंद.

मग त्यानं सविताला हाक मारली. ती गोठ्यातून आली, हाताला शेण. दाराशी टेकून उभी राहिली. त्यानं विचारलं, ह्या बाईला वळखती का. तिनं माझ्याकडे बघितलं, सरळ, डोळ्यांत डोळे घालून, आणि म्हणाली, "न्हाई. म्या ह्यांना कंदी बगितलं न्हाई."

मला तिचा राग आला नाही. एका क्षणात सगळं कळलं. ती मला वाट दाखवत होती आणि त्या वाटेनं मी जायचं की नाही हे आता माझ्यावर होतं. मी कबुली द्यायला चढ चढून आले होते. कबुली दिली असती तर माझं मन हलकं झालं असतं आणि तिला खोटं ठरवून मी खाली उतरले असते.

मी म्हटलं, ही ती सविता नव्हे. मी वाचायला चुकले. सविता पानशेतकडची एक आहे, दुखणं तिचं आहे. यादीत आधीच्या ओळीत हिर्डोशीच्या वरच्या वाड्यांसाठी दरडीची प्रार्थना होती, ते गाव मी खालच्या नावाला जोडलं. चष्मा बदलायला झालाय. माझ्यामुळे तुमच्या घराला त्रास झाला, माफी मागते. हे सगळं मी न अडखळता बोलले. आवाज परत आला होता. खोटं बोलताना आला, याचं मला अजून नवल वाटतं.

आणि बोलता बोलताच मी नव्यानं घाबरले. कारण मी सविताला वाचवत होते आणि तिचं दुखणंही तिच्यापासून काढून घेत होते. आता या अंगणात तिला काही झालेलंच नव्हतं. आता पुण्याला जायचं तिनं कुठल्या तोंडानं काढायचं? ती दाराशी तशीच उभी होती. तिला हे माझ्याआधी कळलं असावं.

दिराचं समाधान झालं नव्हतं. तो उठून आत गेला आणि देव्हाऱ्यातून एक वाटी घेऊन आला. वाटीत भंडारा होता, देवाची हळद, वर बेलाचं पान. "तुमच्या देवाची आण आमाला काय कळणार," तो म्हणाला. "आमचा भंडारा उचला आन् सांगा."

बेलभंडारा उचलणं म्हणजे काय, हे मी वर्गात शिकवलं आहे. आपल्या भागातल्या लोकांच्या श्रद्धा या विषयात माझा एक तास त्यावर असे. भंडारा तळहातावर घेऊन बोललेलं खोटं निघालं तर ते बोलणाऱ्याच्या घरावर येतं, आणि ज्याच्या देवाचा भंडारा, त्या देवाचाही तो अपमान. मुलांना मी बजावायचे, तुमची श्रद्धा नसली तरी ज्यांची आहे त्यांच्यासमोर या गोष्टीला हलकं लेखू नका. आता वाटी माझ्यासमोर होती. नाही म्हणावं तर मी खोटी ठरणार. उचलावा तर त्या घराच्या देवावर हात ठेवून मी खोटं बोलणार, आणि सविता ते बघणार, जिचा त्या देवावर विश्वास होता. भास्कररावांनी माझी नजर टाळली. मी हात पुढे केला.

तेवढ्यात सासू जोत्यावरून उठली. लेकाच्या हातातून तिनं वाटी काढून घेतली आणि पदराखाली धरली.

"परक्याच्या हातात द्यायाचा न्हाई भंडारा," ती म्हणाली. "सांगितलं की त्यांनी. झालं आता."

दीर काही म्हणू लागला, पण ती वाटी घेऊन आत गेलीसुद्धा. आईसमोर त्याचं चालत नसावं. माणसं उठली, कुणी तंबाखू मळू लागलं. आणि मी, खरं सांगते, त्या घटकेला दुखावले. आमचा हात लागला तर यांचा देव बाटतो, असं मनात आलं. सुटका झाल्याच्या आनंदाआधी ते आलं. सवय होती ना, कोण कुणाला दूर ठेवतं ते टिपायची.

आम्ही निघालो. भास्करराव पुढे झाले. वाडीच्या कडेला, जिथून उतार सुरू होतो, तिथं सासू उभी होती, हातात विळा, गवताला निघाल्यासारखी. मी थबकले. ती माझ्याकडे न बघता बोलू लागली.

"तिची धुणी म्याच धुती. मला ठावं हाय."

माझ्या तोंडून एवढंच निघालं की आजी, माफ करा.

"थोरलीला म्या माहेरी धाडली," ती म्हणाली. "तवा मला उमजलं न्हाई. पोराला वाटतं आपुनच धाडली, म्हणून तो आसा वागतो." मग जरा थांबून, "कागुद तिनं दावला मला काल. वाचता येत न्हाई दोघींना. तारीक सांगा."

मी तारीख सांगितली. कुठल्या दरवाजानं जायचं, किती वाजता, उपाशीपोटी जायचं की नाही, सगळं सांगितलं. तिनं प्रत्येक गोष्ट एकदा स्वतःशी म्हणून घेतली. माझा गुडघा दाखवायचा म्हणून निघू, थोरला टेम्पोतून सोडेल, असं ती म्हणाली. मी विचारलं, मी येऊ का तिथं मदतीला. पुण्याचं रुग्णालय मोठं आहे, गोंधळायला होतं.

"तुमी येऊ नका," ती म्हणाली. "तुमी लई केलं."

यात उपकार किती आणि झिडकारणं किती, हे मी पुष्कळदा तपासून पाहिलं आहे. भंडारा तिनं का काढून घेतला, ते मला उतारावर, भास्कररावांच्या मागून चालताना कळलं. तो माझ्या हातात गेला असता तर तिच्या देवासमोर, तिच्या दारात, तिच्या सुनेसाठी खोटी शपथ पडली असती. तिला माहीत होतं ती खोटी आहे. मी एका दगडावर बसून रडले. भास्करराव पाठ करून उभे राहिले.

तारखेच्या दिवशी मी रुग्णालयात गेले.

हो, येऊ नका म्हटलेलं असताना. मनाची समजूत घातली की लांब बसू, नुसतं त्या आल्या का ते बघू. आल्या नाहीत तर? दिरानं टेम्पो दिला नाही तर? दोन आठवडे हेच डोक्यात. मी आठ वाजताच जाऊन मोठ्या दालनात मागच्या बाकावर बसले. साडेनऊपर्यंत त्या दिसल्या नाहीत. दर मिनिटाला घड्याळ बघत होते. प्रार्थना करायचा प्रयत्न केला, पण शब्द जुळेनात.

मग आल्या. सासू लंगडत, दिराच्या हाताचा आधार घेऊन, सविता मागून पिशवी सांभाळत. माझ्यापुढे चार-पाच बाकं सोडून बसल्या. दीर आईशेजारीच बसला. मला इतका आनंद झाला की मी जवळजवळ उठून उभी राहिले.

खिडकीतल्या परिचारिकेनं नाव पुकारलं. सविताचं पूर्ण नाव, मोठ्यानं. कुणी उठलं नाही. दीर शेजारी होता, आणि तो आईच्या गुडघ्याच्या नंबराची वाट बघत होता; त्या गलक्यात ते नाव त्यानं ऐकलं असेल तर तसं दाखवलं नाही. गर्दी पाहायला म्हणून सासूनं मान वळवली, आणि तिची नजर माझ्यावर पडली.

तिचा चेहरा मी विसरणार नाही. ती घाबरली. ज्या बाईनं भरल्या अंगणात लेकाच्या हातातून देवाची वाटी काढून घेतली, ती मला बघून घाबरली. त्या अंगणात मी सांगितलं होतं की ही ती सविता नव्हे. आणि आता मी इथं, त्याच दालनात, त्याच सकाळी बसले होते. दिरानं मला इथं पाहिलं की सगळं त्याला एका दमात कळणार होतं. ती कुणाला घाबरली असेल तर माझ्या मायेला.

ती लेकाच्या कानाशी काही बोलली. त्याला चहाला धाडत असावी. तो उठला आणि मधल्या वाटेनं थेट माझ्या दिशेनं येऊ लागला. दुसऱ्यांदा नाव पुकारलं गेलं. मी पदर डोक्यावरून पुढे ओढला, खाली वाकून चपलेचा पट्टा चाचपत राहिले. त्याचे पाय माझ्या शेजारून गेले. जाडजूड बूट, शिवणीत वाळलेला चिखल. ते थांबले, की मला वाटलं थांबले, मला आजही नक्की सांगता येत नाही. मग गेले. मी उठले आणि बाजूच्या दारानं बाहेर पडले. दार मागे लोटताना तिसऱ्यांदा नाव ऐकू आलं, आणि त्यावर म्हातारा आवाज, "हाय. हाय. आलो." मी वळून पाहिलं नाही.

त्यानंतर मी काही विचारलं नाही. कुणाला विचारणार? उपासना मोबाईलवर दाखवणं आम्ही थांबवलं. नावं आता मी वाचत नाही, ज्याची त्यानं मनात घ्यायची. मंडळीसमोर मी कबूल केलं की मी खोटं बोलले, पण का आणि कुणासाठी ते सांगितलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही. पुढच्या पावसात महाविद्यालयातून निवृत्त झाले. निरोपसमारंभात माझ्या त्या नावांवरच्या तासाचं कौतुक झालं. मी खाली बघत बसले. महिने गेले, आणि तुकडा तपासून काय निघालं असेल ही भीती माझ्या पोटात तशीच बसून होती. उलट सुटी मिळाल्यावर तिला जागा जास्त झाली.

एका बाजाराच्या दिवशी भास्करराव घरी आले. चहा घेतला, माझ्या तब्येतीची चौकशी केली, पावसाचं बोलले. मग कप खाली ठेवून म्हणाले की आज भोर स्टँडवर सविता दिसली. सासूबरोबर होती. मिरच्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन हिर्डोशीच्या गाडीत चढली. केस औषधानं गळून नव्यानं उगवल्यासारखे बारीक होते, पण अंगानं बरी होती, चालताना दम लागत नव्हता.

मी त्यांचा कप उचलून ठेवला. मग विचारलं, ती काही बोलली का तुमच्याशी.

"न्हाई," भास्करराव म्हणाले. "मी गाडीच्या दाराशीच उभा व्हतो, तिनं बगितलं मला." त्या रस्त्यावर ज्यांना हात केल्याशिवाय एक माणूस पुढे जात नाही, ते भास्करराव. "म्याबी वळख दाकवली न्हाई, बाई."